हॅडलीव्हिलचे शहाणे लोक

७ सप्टेंबर १८७६ च्या दुपारी मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड गावात आठ घोडेस्वार शिरले. जेसी आणि फ्रँक हे जेम्स बंधू, यंगर आडनावाचे तीन भाऊ आणि आणखी तिघे. गावातली फर्स्ट नॅशनल बँक लुटायची आणि पसार व्हायचे, एवढा साधा बेत होता. यादवी युद्धाच्या काळापासून बंदुकीवर जगलेली ही टोळी. समोर कोण, तर दुकानदार, कारकून आणि शेतकरी. पण बाहेर पहाऱ्यावर असलेल्यांची चलबिचल एका दुकानदाराच्या ध्यानात आली, त्याने आरडाओरडा केला आणि गाव रस्त्यावर आले. लोखंडी सामानाच्या दुकानांतून बंदुका बाहेर निघाल्या. सुट्टीत घरी आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने हॉटेलच्या वरच्या खिडकीतून नेम धरला. ज्यांना बंदूक मिळाली नाही त्यांनी दगड मारले. जेमतेम सात मिनिटांत दोन दरोडेखोर रस्त्यात मरून पडले, उरलेले जखमी होऊन पळाले आणि दोन आठवड्यांनी तिन्ही यंगर बंधू पकडले गेले. बँकेतला जोसेफ ली हेवूड हा हिशेबनीस डोक्याला पिस्तूल लावले तरी तिजोरी उघडायला तयार झाला नाही, म्हणून त्याला गोळी घातली. निकोलाउस गुस्ताफसन हा नुकताच आलेला स्वीडिश माणूस रस्त्यात सापडला आणि काही दिवसांनी दगावला. टोळीच्या हाती तीस डॉलरसुद्धा लागले नाहीत.

सोळा वर्षांनी, ५ ऑक्टोबर १८९२ रोजी, कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात हेच पुन्हा घडले. डाल्टन टोळीचे पाच जण एकाच वेळी दोन बँका लुटायला आले. एका बँकेतल्या माणसाने प्रसंगावधान राखून थाप मारली, की तिजोरीला वेळेचे कुलूप आहे, ते उघडायला अजून काही मिनिटे आहेत. दरोडेखोर थांबले. तेवढ्या मिनिटांत गावाने बंदुका भरल्या. चार दरोडेखोर मेले आणि गावातलेही चौघे मेले. त्या चौघांत गावचा मार्शल चार्ल्स कॉनेली होता. पण तो एकटा रस्त्यावर उतरला नव्हता. वाचलेला एमेट डाल्टन बरीच वर्षे तुरुंगात काढून सुटला आणि पुढे कॅलिफोर्नियात जाऊन चित्रपटाच्या धंद्यात शिरला, हा इतिहासाचा खास अमेरिकी विनोद.

हे आधी सांगायचे कारण असे, की अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या गावाचे सगळ्यांत प्रसिद्ध चित्र नेमके याच्या उलट आहे. १९५२ साली आलेल्या फ्रेड झिनेमन दिग्दर्शित ‘हाय नून’ या चित्रपटात गाव बाहेर पडतच नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. न्यू मेक्सिकोच्या प्रदेशातले हॅडलीव्हिल नावाचे काल्पनिक गाव, रविवारची सकाळ. मार्शल विल केन याचे नुकतेच लग्न लागले आहे. बायको एमी क्वेकर पंथाची, म्हणजे हिंसेला ठाम नकार देणारी. तिच्यासाठी त्याने बिल्ला उतरवला आहे. दूरच्या गावात दुकान टाकून दोघे संसार करणार. इतक्यात तार येते. पाच वर्षांपूर्वी केनने पकडून दिलेला फ्रँक मिलर माफी मिळवून सुटला असून बाराच्या गाडीने गावात येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनावर रुळांकडे डोळे लावून बसले आहेत. नवा मार्शल उद्या यायचा आहे. केन आधी निघतो, मग माघारी फिरतो आणि मदतनीस गोळा करायला लागतो. ८५ मिनिटांचा चित्रपट आणि पडद्यावर जाणारा वेळही जवळपास तेवढाच. भिंतीवरची घड्याळे पुन्हापुन्हा दिसत राहतात आणि दर वेळी अधिक जवळून. बारा वाजतात तेव्हा केनच्या बाजूला कोणीही नसते. कॅमेरा वर उचलला जातो आणि रिकाम्या रस्त्यात एक पन्नाशीचा, थकलेला, घाबरलेला माणूस उभा दिसतो.

वेस्टर्नपटांचा नायक जॉन वेन याला हा चित्रपट अजिबात आवडला नव्हता. १९७१ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मुलाखतीत त्याने आपल्या आयुष्यात पाहिलेली सर्वांत अमेरिकाविरोधी गोष्ट अशी त्याची संभावना केली. शेवटी केन बिल्ला धुळीत टाकून पायाखाली तुडवतो, असेही तो म्हणाला. चित्रपटात तुडवणे नाही, नुसते टाकणे आहे. वीस वर्षांच्या रागाने आठवणीत भर घातली असावी. पण वेनच्या आक्षेपात तथ्याचा एक अंश होता, तो नाकारू नये. जे लोक वाळवंट, उपासमार आणि लढाया सोसून तिथवर पोचले, ते चार गुंडांना पाहून दारे लावून बसतील का, असा त्याचा सवाल. नॉर्थफील्ड आणि कॉफीव्हिल त्याच्या बाजूने साक्ष देतात. शिवाय सरहद्दीवर रोज मुडदे पडत होते हाही भ्रमच. इतिहासकार रॉबर्ट डिक्स्ट्रा याने कॅन्ससमधल्या गुरांच्या पाच बाजारगावांची दप्तरे तपासली, तेव्हा १८७० ते १८८५ या काळात पाचही गावांत मिळून ४५ मनुष्यवध निघाले. वर्षाला गावामागे एकही पुरता येत नाही. बहुतेक गावांत वेशीच्या आत बंदूक बाळगायला बंदी होती. टूम्बस्टोनमधली ओ. के. कोरलजवळची सुप्रसिद्ध चकमक पेटली तीही असाच नियम मोडणाऱ्यांची शस्त्रे काढून घेण्यावरून.

मग इतिहासात गाव बाहेर पडले आणि चित्रपटात पडले नाही, हे कसे? उत्तर बँकेत आहे. तेव्हा ठेवींना विमा नव्हता. अमेरिकेत सर्वसामान्य ठेवीदाराला संघराज्याचे संरक्षण मिळाले ते १९३३ च्या कायद्याने. नॉर्थफील्डची तिजोरी रिकामी झाली असती, तर पेरणीला काढून ठेवलेले, मुलीच्या लग्नाचे आणि दुकानाच्या भांडवलाचे पैसे एका दुपारी गेले असते. दरोडा दुसऱ्याच्या घरावर नव्हता. हॅडलीव्हिलमध्ये मात्र मिलर बँक लुटायला येत नाही. त्याला एका माणसाचा सूड घ्यायचा आहे. तो माणूस गाव सोडून गेला, तर प्रश्न मिटतो, निदान आजच्यापुरता. त्यामुळे वेनच्या अमेरिकेला ‘हाय नून’ खोटी ठरवत नाही. तो वेगळाच प्रसंग घेतो: शेजाऱ्यावर आलेले संकट.

आणि गावाने बंदूक उचलली की ते पुण्यकृत्यच, असेही नाही. मोंटानामधल्या बॅनॅक गावात १८६४ च्या जानेवारीत नागरिकांच्या स्वयंघोषित दक्षता समितीने खुद्द शेरीफ हेन्री प्लमर यालाच फासावर लटकवले. तो दरोडेखोरांचा म्होरक्या आहे, असा आरोप होता; खटला चाललाच नाही. त्या हिवाळ्यात त्या समितीने सुमारे वीस जणांना असेच लटकवले. एकवटलेले गाव कधी हेवूडच्या मागे उभे राहते, कधी फासाच्या दोरामागे. हा फरक चित्रपटातल्या वृद्ध न्यायाधीशाला ठाऊक असावा.

त्या न्यायाधीशाचा प्रवेश पाहण्यासारखा आहे. मिलरला शिक्षा यानेच सुनावली होती. आता तो भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू खोगिराच्या पिशवीत टाकतो, कायद्याची पुस्तके बांधतो आणि बांधता बांधता केनला प्राचीन अथेन्सची गोष्ट सांगतो. नागरिकांनी हाकललेला जुलमी राजा काही वर्षांनी भाडोत्री सैन्य घेऊन परतला, तेव्हा त्याच नागरिकांनी वेशीचे दरवाजे उघडले म्हणे. इतिहासाचे एवढे ज्ञान असलेला माणूस त्यातून निष्कर्ष एकच काढतो: घोड्यावर लवकर बसावे.

पण चित्रपटाचा कणा आहे तो चर्चमधला प्रसंग. उत्तरार्धातली बंदुकांची चकमक शंभर चित्रपटांत असते. असे चर्च एकाच चित्रपटात आहे. केन प्रार्थना चालू असताना आत येतो आणि माणसे मागतो. काही जण लगेच उठतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, थांबा, आधी नीट समजून घेऊ. मुलांना बाहेर पाठवले जाते आणि चर्चा सुरू होते. इथून पुढे जे घडते ते कोणत्याही गावच्या, कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सभेत बसलेल्या माणसाला पाठ असेल. एक म्हणतो, हे केन आणि मिलर यांचे खासगी वैर आहे. दुसरा विचारतो, मार्शल आणि त्याचे सहायक ठेवायला आपण कर भरतो ना, मग आता आपल्यालाच का बोलावता? तिसऱ्याच्या मते दोष वरच्या राजकारण्यांचा, त्यांनी मिलरला सोडला, त्यांनीच निस्तरावे. एक बाई उठून आठवण करून देते की याच केनमुळे बायकामुलांना रस्त्यावर फिरता येऊ लागले. पाद्र्याला विचारतात, तर त्याला एकीकडे ‘हत्या करू नये’ ही आज्ञा आठवते आणि दुसरीकडे त्यासाठी आपणच पगार देऊन माणसे ठेवतो हेही. काय सांगावे ते त्याला कळत नाही, आणि तो तसे प्रामाणिकपणे म्हणतो.

मग नगराध्यक्ष हेंडरसन उभा राहतो. हा केनचा मित्र आहे. तो केनची अशी तारीफ करतो की आता सगळे उठून त्याच्या मागे जाणार असे वाटावे. या गावाला असा मार्शल पुन्हा मिळणार नाही, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, आपण त्याचे ऋणी आहोत. आणि मग त्याच आवाजात, त्याच जिव्हाळ्याने, तो वळण घेतो. उत्तरेकडचे लोक इथे भांडवल घालायचा विचार करताहेत, दुकाने येतील, कारखाने येतील. रस्त्यात गोळीबार झाल्याची बातमी तिकडे पोचली तर काय वाटेल? पाच वर्षांची मेहनत एका दिवसात जाईल. केन गावात नसला तर गोळीबार होणार नाही. म्हणून, विल, मित्र म्हणून सांगतो, तू जा. हेंडरसनचे काम करणाऱ्या थॉमस मिचेलने हे भाषण असे केले आहे की त्यात कपट शोधूनही सापडत नाही. हेंडरसन खोटे बोलत नाही. भांडवल खरोखर येणार असेल. गोळीबाराने ते खरोखर बिचकेल. माझ्या मते अमेरिकी चित्रपटांतले हे सर्वांत भयंकर भाषण आहे, कारण त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे.

बाकीच्यांची कारणेही अशीच रास्त. उपमार्शल हार्वीला बढतीसाठी शिफारस हवी होती, ती मिळाली नाही. जुन्या मार्शल मार्टिन होवच्या हातांची बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत. तो आला तर केनला त्याचीच काळजी वाहावी लागेल, हे त्याचे म्हणणे चूक नाही. हर्ब बेकर सर्वांत आधी आपणहून आला होता; पण दुसरे कोणीच नाही असे कळल्यावर त्याला बायकोमुले आठवतात, आणि ती त्याला खरोखरच आहेत. हॉटेलचा कारकून तर स्पष्ट सांगतो की मिलरच्या दिवसांत धंदा जोरात होता. फक्त सॅम फुलर खोटे बोलतो, तेही स्वतःच्या तोंडाने नव्हे. तो आत लपतो आणि बायकोला दारात उभी करून तिच्याकडून ‘ते घरी नाहीत’ असे वदवतो. यायला तयार होतात ते दोघेच: चौदा वर्षांचा एक पोरगा आणि एक डोळा गेलेला दारुडा. केन दोघांनाही परत पाठवतो.

‘आपण भले नि आपले काम भले’ हे आपल्याकडे शहाणपणाचे लक्षण मानले जाते. हॅडलीव्हिलचे लोक त्या मापाने शहाणेच होते.

हे गाव सापडले कुठे? न्यू मेक्सिकोत नाही, बर्बँकमध्ये कोलंबिया स्टुडिओच्या आवारात. गावाचे रस्ते तिथे चित्रित झाले आणि त्या पांढुरक्या, ढगहीन आकाशाला लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा मोठा हातभार लागला. पण गावाची माणसेही तिथलीच होती. पटकथाकार कार्ल फोरमन १९४२ पर्यंत कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, मग बाहेर पडला. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया समिती’ने १९४७ मध्ये हॉलीवूडकडे पहिला मोर्चा वळवला. सहकार्य नाकारणारे दहा जण तुरुंगात गेले आणि स्टुडिओमालकांनी त्यांना काम न देण्याचे जाहीर केले. १९५१ मध्ये समिती परत आली. (या समितीचा जोसेफ मॅकार्थीशी संबंध जोडण्याची सवय आहे, तो सिनेटमध्ये होता आणि त्याचे प्रताप वेगळे.) समितीला माहिती फारशी हवी नव्हती, नावे बहुतेक तिच्याकडे होतीच. तिला हवे होते ते मित्राचे नाव मित्राच्या तोंडून.

फोरमनला समन्स आले तेव्हा ‘हाय नून’चे काम चालू होते. जॉन कनिंगहॅमच्या १९४७ सालच्या ‘द टिन स्टार’ या कथेतून धागा घेऊन, आक्रमणापुढे जगाने एकत्र यावे असे संयुक्त राष्ट्रांना शोभेल असे काही लिहायचे त्याच्या मनात आधी होते. आता लिहिता लिहिता आसपासची माणसे त्याला टाळून रस्ता ओलांडून जाऊ लागली. आपण प्रत्यक्ष ऐकलेली वाक्ये आपण पात्रांच्या तोंडी घातली, असे तो पुढे सांगत असे. २४ सप्टेंबर १९५१ रोजी, चित्रीकरण सुरू असतानाच, त्याने समितीपुढे साक्ष दिली. आपण आता सभासद नाही एवढे सांगितले. पूर्वी होतो का आणि आणखी कोण होते, हे सांगायला नकार दिला.

त्याचा भागीदार आणि मित्र होता निर्माता स्टॅन्ली क्रेमर. कंपनीचा कोलंबियाशी मोठा करार नुकताच झाला होता. फोरमनने आपल्याला सगळे मोकळेपणाने सांगितले नाही, अशी क्रेमरची तक्रार होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण परिणाम असा की फोरमनला पैसे देऊन कंपनीतून काढण्यात आले आणि सहनिर्माता म्हणून त्याचे नाव श्रेयनामावलीतून गेले. भांडवल अडचणीत येईल, मित्रा, तू जा. पडद्यावर हे भाषण यायच्या आत ते पडद्यामागे झाले. गंमत अशी की हाच क्रेमर दहा वर्षांनी ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’ घेऊन आला. सभ्य, सुशिक्षित माणसे अन्यायापुढे मान कशी तुकवतात याचाच तो चित्रपट.

हार्वीचे काम करणारा लॉइड ब्रिजेस स्वतः पूर्वी डाव्या वर्तुळात होता. त्याने समितीशी सहकार्य करून आपले नाव साफ करून घेतले. आणि केनचे काम करणारा गॅरी कूपर? कूपर कट्टर रिपब्लिकन. १९४७ मध्ये तो समितीपुढे आपणहून गेला होता आणि कम्युनिझम आपल्याला पसंत नाही असे काहीसे मोघम बोलून आला होता. नाव मात्र कोणाचेही घेतले नव्हते. या वेळी तो फोरमनच्या बाजूने उभा राहिला. फोरमनच्या नव्या कंपनीत भाग घ्यायचेही त्याने जाहीर केले. मग हेडा हॉपरसारख्या स्तंभलेखिका आणि स्टुडिओवाले त्याच्यामागे लागले, आणि काही दिवसांतच त्याने अंग काढून घेतले. फोरमनने त्याबद्दल कधी कडवटपणा दाखवला नाही. बड्या लोकांत प्रयत्न तरी केला तो याच एकाने, असे तो म्हणत राहिला. पण हिशेब सरळ मांडायचा तर विल केनचे काम करणारा माणूस खऱ्या हॅडलीव्हिलमध्ये हर्ब बेकर ठरला.

झिनेमनला या राजकीय अर्थाचा कंटाळा असे. त्याच्या लेखी ही सदसद्विवेकाची गोष्ट होती, कोणत्याही काळातली. ते त्याच्या तोंडी शोभत होते. १९०७ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या आणि आताच्या पोलंडमधल्या जेशूफ गावात जन्मलेला, व्हिएन्नात वाढलेला हा ज्यू माणूस. त्याचे आईवडील नाझींनी मारले आणि हे त्याला युद्ध संपल्यावर कळले. शेजाऱ्यांनी दारे लावून घेणे म्हणजे काय, हे त्याला समितीकडून शिकायचे नव्हते. फोरमनच्या डोळ्यांपुढे हॉलीवूड होते. झिनेमनच्या डोळ्यांपुढे व्हिएन्ना असेल तर नवल नाही. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीसह त्याने चित्रपटाला मॅथ्यू ब्रेडीच्या यादवी युद्धातल्या छायाचित्रांसारखे रखरखीत, वृत्तपटासारखे रूप दिले. वेस्टर्नला तोवर सुंदर आकाशाची सवय होती.

१९ मार्च १९५३ ची रात्र. ऑस्करचा सोहळा प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसत होता. ‘हाय नून’ला चार पुरस्कार मिळाले: अभिनय, संकलन, संगीत आणि गीत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मात्र सेसिल बी. डमिलच्या सर्कसपटाला गेला. कूपर हजर नव्हता. त्याच्या वतीने बाहुली घ्यायला मंचावर आला तो जॉन वेन. कम्युनिस्टांना हॉलीवूडमधून हुसकण्यासाठी काढलेल्या संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष. ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही हे एजंटला विचारतो, असा विनोदही त्याने केला. सहा वर्षांनी हॉवर्ड हॉक्सबरोबर त्याने ‘रिओ ब्राव्हो’ काढला, उघडउघड प्रत्युत्तर म्हणून. त्यातला शेरीफ मदत मागत नाही. उलट येणाऱ्या हौशी लोकांना नको म्हणतो. चित्रपट फार मजेदार आहे. पण ते प्रत्युत्तर नाही. नागरिकाकडे काही मागितलेच नाही तर त्याची परीक्षाच होत नाही.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांत ‘हाय नून’ सर्वांनी आपलासा केला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला तो आवडे. बिल क्लिंटनने तर व्हाइट हाउसमध्ये तो डझनाहून अधिक वेळा पाहिला. मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने व्यक्तिपूजेचा ठपका ठेवला, म्हणजे अमेरिकेतल्या देशभक्तांना तो कम्युनिस्ट वाटला आणि कम्युनिस्टांना भांडवलवादी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पाहणारा प्रत्येक जण केनच्या बुटांत उभा राहतो. राष्ट्राध्यक्षांना वाटते, मित्रराष्ट्रे पळाली, मी एकटा उरलो. संपामध्ये हरलेल्या पुढाऱ्याला तेच वाटते आणि संप मोडणाऱ्या मालकालाही. समितीला नावे सांगणारा दिग्दर्शक एलिया कझान ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये साक्ष देणाऱ्यालाच एकाकी वीर करतो आणि त्यालाही ऑस्करे मिळतात. एकटेपणा हा पुरावा म्हणून फार स्वस्त आहे; चुकीचा माणूसही एकटा पडतोच. चित्रपट पाहून ‘मी हेंडरसन आहे’ असे म्हणत बाहेर आलेला प्रेक्षक मात्र दुर्मीळ. वास्तविक केन पडद्यावर एक आहे आणि हॅडलीव्हिलचे रहिवासी शेकडो. संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने आपण कोणात मोडतो हे उघड आहे.

अपवाद आठवतो तो एकच, आणि तो पोलंडचा. ४ जून १९८९ रोजी तिथे अर्धशतकभरात प्रथमच काही प्रमाणात खुली निवडणूक झाली. टोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकाराने सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेसाठी भित्तिपत्रक केले: चालत येणारा गॅरी कूपर, छातीवर सॉलिडॅरिटीची खूण, आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. मतदान ही गोष्ट एकट्याने जिंकता येत नाही. त्या चित्राने कूपरला पुढारी केले नाही, त्याला मतदार केले. केन करून टाकला तो रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला. सीनेटच्या १०० पैकी ९९ जागा आणि कनिष्ठ सभागृहात लढवायला मोकळ्या ठेवलेल्या सर्वच्या सर्व १६१ जागा सॉलिडॅरिटीला मिळाल्या. हॅडलीव्हिल त्या दिवशी घराबाहेर पडले. झिनेमनचा जन्म त्याच देशातल्या गावी झालेला.

एका पात्राविषयी लिहायचे राहते. हेलन रमिरेझ ही मेक्सिकन बाई, गावातल्या दारूच्या गुत्त्याची मालकीण आणि एका दुकानाची पडद्याआडची भागीदार. कधी काळी मिलरची, मग केनची आणि आता हार्वीची सखी. चित्रपटात सर्वांत स्वच्छ डोके तिचे आहे. बातमी कळताच ती हिशेब करते, वाटा विकते आणि गाडी पकडते. या गावात मेक्सिकन बाई म्हणून काय सोसावे लागले ते एका वाक्यात सांगून मोकळी होते. ज्या भूमीवर ती परकी ठरते ती १८४८ पर्यंत मेक्सिकोची होती. केटी हुराडोने ही भूमिका केली आणि गोल्डन ग्लोब मिळवणारी ती पहिली मेक्सिकन अभिनेत्री ठरली. हेलनही गाव सोडते, पण तिला कोणी भेकड म्हणू शकत नाही. गावाने तिला कधी आपले म्हटलेच नव्हते, तर तिने गावासाठी का मरावे? केनच्या शौर्यावर पानेच्या पाने लिहिली गेली. या प्रश्नावर फार थोडे.

भारतीय प्रेक्षकाला स्टेशनावर थांबलेली गाडी आणि डाकूंच्या धाकाखालचे गाव ओळखीचे आहे ते ‘शोले’मुळे. सर्जिओ लिओनेने ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या सुरुवातीला ‘हाय नून’मधले स्टेशनावर वाट पाहणारे तिघे पुन्हा बसवले, आणि लिओनेचा तो चित्रपट ‘शोले’च्या पूर्वजांपैकी एक. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चाललेल्या ‘शोले’तही चर्चसारखा प्रसंग आहे. गब्बरच्या दहशतीने गावकरी जय-वीरूला हाकलायला निघतात. तिथे मुलाचे प्रेत समोर असलेला आंधळा इमाम त्यांना थांबवतो. हॅडलीव्हिलमध्ये असा इमाम नव्हता. पण आणीबाणीतल्या सेन्सॉरने ठाकूरच्या हातून, खरे तर पायांतून, शेवट काढून घेतला आणि ऐनवेळी पोलीस आणून उभे केले. सरकारला एकवटलेल्या गावापेक्षा वेळेवर येणारा दारोगा बरा वाटला.

फोरमन १९५२ मध्ये इंग्लंडला गेला. त्याचा पासपोर्ट रद्द झाला. त्याला पळवून लावण्यात आपला हात होता याचा वेनला १९७१ मध्येही पश्चात्ताप नव्हता, हे त्याने त्याच मुलाखतीत सांगितले. पुढे फोरमनने आणि त्याच्यासारख्याच काळ्या यादीतल्या मायकेल विल्सनने ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा लिहिली. पडद्यावर दोघांचीही नावे आली नाहीत. १९५८ च्या सोहळ्यात त्या पटकथेचे ऑस्कर मूळ कादंबरीकार पिएर बूल याच्या नावे जाहीर झाले. बूल फ्रेंच होता आणि त्याला इंग्रजीत लिहिता येत नव्हते, हे सभागृहातल्या बऱ्याच जणांना ठाऊक होते. टाळ्या वाजल्या. अमेरिकाविरोधी कारवाया समिती १९७५ मध्ये बरखास्त झाली. विल्सन १९७८ मध्ये वारला, फोरमन २६ जून १९८४ रोजी. त्यांच्या नावांची ऑस्करे त्यांच्या विधवांना १९८५ मध्ये देण्यात आली.